माघातली पेरणी, चैत्रातले ताट
बेंगळुरूतील परसबाग आणि भाज्यांचा घरगुती स्वयंपाक : प्रस्तावना

घराच्या मागे, बाजूला किंवा गच्चीवर, घरातील माणसांच्या रोजच्या जेवणासाठी केलेली भाज्या, कंद आणि मसाल्याच्या वनस्पतींची लागवड म्हणजे परसबाग, अशी तिची सर्वसाधारण व्याख्या करता येते. या व्याख्येतील ‘रोजच्या जेवणासाठी’ हे शब्द वगळले, तर शेती, फुलबाग आणि परसबाग यांच्यातील भेदच नाहीसा होतो. शेतकरी बाजारभाव पाहून पीक निवडतो, फुलबाग शोभेसाठी लावली जाते, परसबागेची आखणी मात्र चुलीपासून सुरू होते. असे असूनही बागकामाची पुस्तके एका बाजूला आणि पाककृतींची पुस्तके दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी मराठीत रूढ झालेली आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) पाककृतींच्या पुस्तकांची मराठीतील परंपरा समृद्ध आहे, परंतु बागेच्या पुस्तकातली भेंडी तोडणीपाशी संपते आणि पाककृतीतली भेंडी ‘पाव किलो कोवळी भेंडी’ इथून सुरू होते. ती कोवळी किती दिवस राहते, जून झाली तर तिचे काय करावे, आठवड्याला किती लागते आणि त्यासाठी किती रोपे पुरतात, हा मधला भाग दोन्हीकडे सुटतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच मधला भाग आहे. लागवड आणि स्वयंपाक ही एकाच कामाची दोन टोके आहेत आणि बागेचा आराखडा स्वयंपाकघरात ठरला तरच ती बाग टिकते, ही या पुस्तकाची मुख्य भूमिका आहे.

या विवेचनासाठी बेंगळुरू शहर निवडण्यामागे हवामान, इतिहास आणि लोकवस्ती अशी तीन कारणे आहेत, आणि त्यांपैकी हवामानाचे कारण सर्वांत आधी समजून घेणे आवश्यक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात वर्षाकाठी साधारण ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातील फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांचा वाटा अत्यल्प असतो, एप्रिलमध्ये वळवाच्या सरी सुरू होतात आणि मे महिन्यात त्यांचा जोर वाढतो. थंडी ओसरताना बर्फ वितळून जमीन मोकळी होते, अशा प्रदेशांत लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंत हा आरंभाचा आणि विपुलतेचा ऋतू असतो. बेंगळुरूत मात्र वसंत ही चढते ऊन आणि पहिला वळीव यांच्यामधली कोरडी वाट आहे. एप्रिलमध्ये येथील सरासरी कमाल तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि २४ एप्रिल २०१६ रोजी ते ३९.२ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्यामुळे कोबी, फुलकोबी, मटार, गाजर ही थंडीची पिके येथे वसंतात सुरू करणे व्यर्थ ठरते. कोथिंबीर आणि पालक यांनाही ऊन चढले की अकाली तुरे येतात आणि पानांची चव उतरते. याउलट भेंडी, गवार, चवळी, माठ, वांगी आणि दोडका, पडवळ, कारले, दुधी, काकडी ही वेलवर्गीय पिके उबदार मातीत जोमाने उगवतात. ती माघात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पेरली, तर ऊन कडक होण्यापूर्वी मुळे खोल जातात आणि वळवाचा पाऊस आला की वेल भराला येतात.

मराठी आणि कन्नड या दोन्ही समाजांत शालिवाहन शकाचे अमावास्यान्त पंचांग चालते, त्यामुळे या पेरणीचे वेळापत्रक दोघांच्याही सणांशी सहज जुळते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. त्या दिवशी माठ पेरला तर सुमारे एका महिन्याने, गुढीपाडव्याला, म्हणजेच कर्नाटकातील युगादीला, त्याची पहिली कापणी मिळते. आणि त्याच दिवशी भेंडी टोकली तर चैत्र पौर्णिमेच्या सुमारास, पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, पहिली भेंडी हाती येते. दोडका आणि पडवळ यांना आणखी दहा-पंधरा दिवस लागतात. पंचांग आणि पीक यांचा हा मेळ दरवर्षी दिवसादिवसाने जुळेल असे नाही, कारण अधिक महिन्याच्या चक्रामुळे शिवरात्र कधी फेब्रुवारीच्या मध्याला, तर कधी मार्चच्या आरंभी येते. मार्चमध्ये येणाऱ्या शिवरात्रीची वाट न पाहता वेलभाज्यांचे बी आधीच टोकणे हिताचे असते.

चैत्र पौर्णिमेचा उल्लेख वर केवळ कालगणनेसाठी आलेला नाही. त्याच रात्री बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील धर्मराय मंदिरातून करग निघतो, आणि हा उत्सव ज्या तिगळ समाजाचा आहे, तो या शहराचा परंपरागत बागाईतदार समाज होय. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेले हे शहर मोठ्या नदीच्या काठी नसल्यामुळे त्याची शेती आणि पिण्याचे पाणी तलावांवर अवलंबून राहिले. तलावांच्या खालच्या ओलिताच्या जमिनींत तिगळ कुटुंबे पालेभाज्या, फळभाज्या आणि फुले पिकवीत. संपंगी तलावाभोवतीचे मळे हे त्यातील ठळक उदाहरण आहे. पुढे तो तलाव आटवून तेथे कंठीरव क्रीडांगण उभे राहिले आणि मळे नाहीसे झाले. करगाच्या विधींत मात्र त्या तलावाशी असलेला संबंध आजही जपला जातो. शहराच्या भाज्या शहरातच पिकत असत, ही गोष्ट त्यामुळे बेंगळुरूच्या बाबतीत कल्पनेतील सुवर्णकाळाची नसून नकाशावर दाखवता येण्याजोगी आहे.

इतिहासाचा दुसरा धागा ग्रंथांचा आहे. इसवी सन १०२५ च्या सुमारास दुसऱ्या चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘लोकोपकार’ या ग्रंथात भूजलाचा शोध, वृक्षायुर्वेद म्हणजे वनस्पतींच्या निगेचे शास्त्र, आणि पाकशास्त्र हे विषय एकाच ग्रंथाची प्रकरणे म्हणून येतात; पाणी, झाड आणि अन्न हे एका गृहस्थाला लागणारे एकच ज्ञान आहे, अशी त्यामागील धारणा दिसते. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने रचलेल्या ‘सूपशास्त्र’ या कन्नड ग्रंथात शाकाहारी पदार्थांचा विचार असून वांगी, केळी आणि फणस यांच्या पाककृतींना त्यात मोठी जागा दिलेली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत निकटचा ग्रंथ म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रघुनाथ नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ होय. तो संस्कृतात असला तरी त्यात धान्ये, भाज्या आणि पदार्थ यांची मराठी नावे जागोजाग येतात आणि प्रत्येकाचे गुणदोष आयुर्वेदाच्या आधारे सांगितलेले आहेत. रघुनाथ पंडितांना तंजावरच्या भोसले घराण्यातील एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा आश्रय होता. आणि तंजावरला जाण्यापूर्वी एकोजींचे वास्तव्य, वडील शहाजीराजे यांच्या जहागिरीच्या या ठिकाणी, म्हणजे बेंगळुरूतच होते. शहाजीराजांकडे १६३८ नंतर आलेली ही जहागीर १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेली. त्या अर्धशतकात येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आणि नंतरच्या काळात नोकरी-व्यवसायासाठी आलेली कुटुंबे, यांच्या स्वयंपाकघरांत मराठी आणि कन्नड पद्धती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

तिसरा धागा संस्थांचा आहे. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभ केलेली लालबाग १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि १८७४ पासून तेथे अधीक्षक असलेल्या जॉन कॅमेरॉन यांच्या काळात परदेशी भाज्यांची रोपे व बियाणे येथून आसपासच्या बागाईतदारांकडे गेली. चौचौ किंवा कन्नडमध्ये ‘सीमेबदनेकायी’ म्हणून ओळखली जाणारी, मूळची मेक्सिकोकडची वेलभाजी येथे रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. ती इतकी स्थानिक झाली की तमिळ भाषक तिला आजही बेंगळुरूचे वांगे म्हणतात. १९०८ मध्ये आलेल्या गुस्ताव हेर्मान क्रुंबीगल यांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये म्हैसूर उद्यानविद्या संघ स्थापन झाला. स्वातंत्र्योत्तर काळात एम. एच. मरिगौडा यांनी ही परंपरा राज्यभर विस्तारली, आणि १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था म्हणून सुरू झालेल्या हॉपकॉम्सच्या दुकानांतून शेतकऱ्यांची भाजी थेट घरांपर्यंत पोचू लागली. १९६७ मध्ये हेसरघट्टा येथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था उभी राहिली. ‘अर्का’ या शब्दाने सुरू होणारी तिची वाणे आज देशभर लावली जातात: पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगाला दाद न देणारी ‘अर्का अनामिका’ भेंडी, तीन रोगांना प्रतिकार करणारा ‘अर्का रक्षक’ टोमॅटो, पालेभाज्यांतील ‘अर्का सुगुणा’ माठ. गच्चीवरील बागकामाचा प्रसार करण्यात कीटकशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांचा वाटा मोठा आहे; त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ‘आपल्या बागेतून आपले जेवण’ अशा आशयाचे मेळावे शहरात भरू लागले आणि बियाणे, रोपे व अनुभव यांची देवाणघेवाण नियमित झाली.

एवढी परंपरा पाठीशी असताना नव्या बागकऱ्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा, तर ‘काय उगवेल’ हा नव्हे. ‘घरात काय शिजते’ हा प्रश्न त्याने आधी विचारला पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चौघांच्या कुटुंबासाठी हा हिशेब रोजचा दीड किलोच्या वर जातो, आणि वीस-पंचवीस पिशव्यांची गच्ची तेवढे उत्पादन देऊ शकत नाही, हे आरंभीच स्पष्टपणे मान्य केलेले बरे. बाजाराची जागा घेणे हे परसबागेचे उद्दिष्टच नाही. कांदा, बटाटा, कोबी, लाल भोपळा यांसारख्या टिकाऊ आणि जागा अडवणाऱ्या भाज्या मंडईतून आणाव्यात. तोडल्यापासून काही तासांत ज्यांचा कस उतरतो आणि स्वयंपाकात ज्या थोड्याच पण रोज लागतात, त्यांना बागेत जागा द्यावी. कढीपत्ता, हिरवी मिरची, पुदिना, माठ, मेथी, मायाळू, शेवग्याचा पाला, ओव्याची पाने आणि मांडवावर चढणारे दोन-तीन वेल, एवढे साधले तरी घरच्या ताटाचा पोत बदलतो. टोमॅटोचा मोह नवख्यांना फार असतो. पण फेब्रुवारी ते मे या काळात पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ रोग याच पिकावर सर्वांत जास्त येतो, म्हणून पहिल्या वसंतात टोमॅटो न लावणे किंवा रोगप्रतिकारक वाणच लावणे श्रेयस्कर.

वाणाची निवड किती निर्णायक ठरते, हे पावट्याच्या उदाहरणावरून नीट समजते. कन्नडमध्ये ‘अवरेकायी’ म्हणतात तो पावटा हा बेंगळुरूच्या हिवाळ्याचा प्राण आहे. मागडी, रामनगर आणि कोलार भागांतून त्याच्या गाड्या शहरात येतात आणि जानेवारीच्या सुमारास त्याचा मेळाही भरतो. ओले दाणे पाण्यात भिजवून, बोटांनी दाबून साल सोडवायची आणि आतल्या डाळीचे सार करायचे, ही येथील पद्धत. कोकणपट्टीत सुके वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ करतात, ती त्याच दाण्याची साल काढण्याची दुसरी रीत. या चवीची ओढ लागलेल्या घराने पारंपरिक पावट्याचे बी वसंतात पेरले तर वेल गच्ची भरून टाकतो, पण शेंगा धरत नाही, कारण जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. हेसरघट्ट्याच्या संस्थेने तयार केलेली ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ ही झुडूपवजा वाणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसल्यामुळे वसंतातही शेंगा देतात. स्वयंपाकाची इच्छा, ऋतूचे गणित आणि बियाण्याचे ज्ञान ही तिन्ही एकत्र आल्याशिवाय ताटात पावटा येत नाही.

जागेचा विचार करताना गच्चीची भारवहनक्षमता ही पहिली मर्यादा असते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांनी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम एवढा चल भार गृहीत धरलेला आहे. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर मात्र तेवढ्याच जागेवर ५०० किलोग्रॅमच्या जवळपास भरतो. म्हणून गच्चीवर सलग वाफे न घालता, तुळयांच्या आणि भिंतींच्या ओळीवर सुट्या पिशव्या किंवा कुंड्या ठेवाव्यात आणि लाल माती, कंपोस्ट व कोकोपीट समान प्रमाणात घेऊन मिश्रण हलके करावे. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यापासून उरणारा भुसा. तो ओल धरून ठेवतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसते. बेंगळुरूच्या लाल मातीत सेंद्रिय अंश कमी असल्यामुळे खरे पोषण कंपोस्टमधूनच मिळते, आणि हे कंपोस्ट विकत आणण्याची गरज नसते. २०१२ मध्ये मावळ्ळीपुर येथील कचराभूमी बंद पडल्यावर या शहराने रस्तोरस्ती साचलेल्या कचऱ्याचे संकट अनुभवले आणि त्यानंतर ओला-सुका कचरा घरीच वेगळा करण्याचा नियम आला. मातीच्या थरांच्या मडक्यांत घरच्या घरी खत करण्याची पद्धतही याच शहरात रुळली. चहाचा चोथा, भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि वाळलेला पाला थरांनी घातला, ओल मुठीत दाबल्यावर थेंब न गळण्याइतकीच ठेवली आणि आठवड्यातून एकदा खालीवर केले, तर दोन ते तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. माघातील पेरणीसाठी लागणारे खत त्यामुळे कार्तिकातच मडक्यात पडले पाहिजे. बाग पेरणीच्या दिवशी सुरू होत नाही, ती ओल्या कचऱ्याच्या पहिल्या थरापासून सुरू होते.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो नैतिकही आहे. शहराचे पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, कावेरीतून, टप्प्याटप्प्याने जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून आणले जाते. मार्च २०२४ मध्ये, कोरड्या वर्षानंतर हजारो कूपनलिका आटल्या, तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, वाहने धुणे आणि बांधकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनाबद्दल ५००० रुपयांचा दंड जाहीर केला. वसंतातील परसबाग ज्या महिन्यांत सर्वांत तहानलेली असते, तेच महिने शहराच्या टंचाईचे असतात. शेजारच्या घरात टँकरची वाट पाहिली जात असताना नळाच्या पाण्यावर काकडी पोसणे कोणत्याही बागकऱ्याला शोभणारे नाही. यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतल्याचे पाणी एका बादलीत साठवले तर बारा-पंधरा लिटर सहज जमते. मार्चच्या उन्हात एका मोठ्या पिशवीला दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागते. तेव्हा पाण्याच्या बादलीवरून पिशव्यांची संख्या ठरवावी, पिशव्यांच्या संख्येवरून पाणी शोधत बसू नये. मातीवर वाळल्या पाल्याचे आच्छादन घातले आणि पाणी संध्याकाळी दिले तर गरज आणखी घटते. विशिष्ट आकाराच्या भूखंडांवरील घरांना २००९ पासून पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. शंभर चौरस मीटर छतावर एप्रिलमधील साठ मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जाता चार-पाच हजार लिटर पाणी मिळू शकते, आणि ते साठवण्याची सोय असलेल्या घराची बाग वैशाखातही हिरवी राहते.

वसंतातील बागेत सर्वांत शिकवणारा वेल दोडक्याचा आहे, म्हणून त्याचे निरीक्षण येथे थोडे तपशिलात देणे उचित ठरेल. दोडक्याची पिवळी फुले सूर्य कलल्यावर उमलतात. काकडी आणि कारले यांची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी बागेत फिरणाऱ्याला दोडक्याचे फलन दिसतच नाही. नरफुले घोसाने येतात आणि त्यांचा देठ साधा असतो; मादीफूल एकटे येते आणि त्याच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढा, आठ-दहा उभ्या रेषा उमटलेला हिरवा दोडका आधीच दिसत असतो. ऊन आणि दिवसाची लांबी वाढली की वेल नरफुले अधिक धरतो, म्हणून आरंभीचे फुलोरे गळून पडले तरी निराश होण्याचे कारण नसते. उंच गच्चीवर कीटक कमी येत असतील, तर तिन्हीसांजेला ताजे नरफूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे परागकण मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवावेत. फलन झाले तर दोन-तीन दिवसांत पाठीचा दोडका फुगू लागतो, नाहीतर तो पिवळा पडून गळतो. तोडणीची वेळ नखाने कळते: साल नख लावताच सहज भेदली गेली तर दोडका कोवळा, नख घसरले तर आत जाळी धरू लागलेली असते.

तोडलेला दोडका स्वयंपाकघरात आला की त्याच्या निरनिराळ्या भागांची निरनिराळी कामे सुरू होतात. वरच्या शिरा सोलून, तेलात कुरकुरीत परतून, तीळ, सुके खोबरे, लसूण आणि लाल मिरचीबरोबर कुटल्या की महाराष्ट्रात घरोघरी होणारी शिराळ्यांची चटणी होते. बेंगळुरूच्या घरांत याच सालींची उडीद डाळ आणि चिंच घालून चटणी वाटतात. गर फोडी करून भिजवलेल्या मूगडाळीबरोबर झाकणावर पाणी ठेवून शिजवला, तर वरून पाणी घालावे लागत नाही, कारण ताज्या दोडक्याला स्वतःचेच पुरेसे पाणी सुटते. बाजारात दोन दिवस पडलेल्या दोडक्याला ते सुटत नाही आणि मग भाजी करपते. पाककृतीत ‘गरजेनुसार पाणी’ असे का लिहिलेले असते, याचे उत्तर अशा वेळी मिळते. घरचा वेल नसलेल्या स्वयंपाक्यालाही हे ज्ञान उपयोगी पडते, कारण मंडईत दोडका हातात घेतल्यावर त्याचे वय ओळखण्याची दृष्टी त्यातून येते.

पालेभाज्यांच्या बाबतीत मराठी आणि कन्नड स्वयंपाक एकमेकांना बरेच काही देऊ शकतात. बस्सारु हा बेंगळुरू-मंड्या भागातील पदार्थ याचा उत्तम नमुना आहे. माठ, राजगिरा, शेपू किंवा मिळतील त्या मिश्र पालेभाज्या तुरीच्या डाळीबरोबर बेताच्या शिजवतात, पाणी गाळून घेतात, गाळलेला पाला आणि डाळ कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून कोरडी भाजी करतात, आणि गाळलेल्या पाण्यात नारळ, धने, लसूण, चिंच व थोड्या शिजल्या पाल्याचे वाटण घालून सार उकळतात. दोन्ही नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्याबरोबर, म्हणजे ‘मुद्दे’बरोबर, वाढतात. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी काढून कटाची आमटी करणाऱ्या मराठी घराला ही युक्ती परकी वाटू नये. पालेभाजी शिजवताना पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क्षार त्या पाण्यात उतरतात. ते पाणी ताटात परत आणणारी पाककृती चवीइतकीच पोषणाचीही जाण दाखवते. याच्या उलट दिशेने, मराठी स्वयंपाकातील पीठ पेरलेली भाजी, डाळ-दाणे घातलेली अळूची पातळ भाजी आणि भरली वांगी यांना येथील गच्चीवरच्या पिकाचा उत्तम आधार मिळतो. शेपू तर दोन्ही बाजूंना आवडता. मराठी घरांत तो मूगडाळीबरोबर शिजतो आणि कन्नड घरांत तांदळाच्या पिठात मळून त्याची अक्कीरोटी थापतात. बागेत आपोआप उगवणाऱ्या घोळ, तांदुळजा यांसारख्या रोपांना तण म्हणून उपटण्यापूर्वी त्यांची ओळख करून घ्यावी. शहरातील मोकळ्या जागांतून गोळा केलेल्या मिश्र पाल्याची भाजी हा येथील गरीब कुटुंबांचा पूर्वापार आहार आहे. मात्र नाल्यांच्या आणि दूषित तलावांच्या काठचा पाला टाळला पाहिजे, कारण सांडपाण्यातील जड धातू पालेभाज्यांत साठतात.

या पुस्तकाची मांडणी वरील भूमिकेला अनुसरून केलेली आहे. पहिल्या भागात माघ ते ज्येष्ठ अशा पाच महिन्यांचे काम क्रमाने येते. प्रत्येक महिन्यात पेरणी, निगा, तोडणी आणि त्या महिन्यातील तोडणीवर आधारलेला स्वयंपाक असे चार विभाग आहेत. दुसऱ्या भागात एकेका भाजीचे बी, वाण, फूल, कोवळेपणाची खूण, न टाकता वापरता येणारे भाग आणि मराठी व कन्नड पद्धतीच्या पाककृती यांचे विवेचन आहे. प्रमाणे चौघांच्या जेवणासाठी दिलेली असली, तरी ती तोडणीप्रमाणे बदलावीत, कारण बाग रोज सारखे देत नाही; अर्धा पाव भेंडी मिळाली तर तिची भाजी न करता ती ताकाच्या आमटीत घालावी, अशा पर्यायांची नोंद त्या त्या ठिकाणी आहे. कीड आणि रोग यांसाठी रासायनिक फवारणी सुचवलेली नाही. निंबोळी तेल, पिवळे चिकट सापळे, रोगट पाने वेळीच काढणे आणि पिकांची जागा बदलणे यांवर भर आहे, कारण सकाळी फवारून संध्याकाळी खुडायच्या माठावर विष मारण्याचे समर्थन कोणत्याही हिशेबाने होत नाही.

शेवटी कामाच्या वाटणीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. परसबाग आणि स्वयंपाक ही दोन्ही कामे घरातील एकाच स्त्रीच्या वाट्याला येण्याची सवय आपल्या समाजात खोल गेलेली आहे, आणि बाग ही तिच्या दिवसात आणखी एका श्रमाची भर ठरली, तर ती पहिल्या उन्हाळ्यातच कोमेजते. पाणी घालणे, खत खालीवर करणे, भाजी खुडणे, निवडणे आणि शिजवणे ही कामे घरातील मुले, पुरुष आणि वृद्ध यांनी वाटून घेतली, तरच रोज थोडे पण न चुकता लागणारे लक्ष बागेला मिळते. ज्या घरात खुडणारा आणि शिजवणारा रोज बोलतात, तिथे ‘आज काय करायचे’ या प्रश्नाआधी ‘आज काय तयार आहे’ हा प्रश्न विचारला जातो. ही सवय लागणे हेच या पुस्तकाच्या दृष्टीने परसबागेचे खरे उत्पन्न आहे, आणि गच्चीवर जागा नसलेल्या घरालाही ते खिडकीतील तीन कुंड्यांतून मिळू शकते. आरंभ करणाऱ्याने पहिल्या वर्षी माठ, मेथी आणि एकच दोडका एवढेच लावावे, त्यांतून जे निघेल ते सर्व शिजवून खावे, आणि ताटात काहीही वाया गेले नाही याची खात्री झाल्यावर दुसऱ्या वर्षी चौथी पिशवी भरावी.